धागा: आईबाबांचं स्वतःचं वाचन आणि मुलाबरोबरचं वाचन यांची सांगड कशी घालावी?

निळीशाई
मुलांना गोष्टी वाचून कशा दाखवाव्यात यावर भरपूर लिहिलं जातं. माझा प्रश्न त्याला लागूनच आहे, पण वेगळा आहे. आई किंवा बाबा स्वतःसाठी जे वाचतात, म्हणजे जाड कादंबरी, चरित्र, विज्ञानावरचं काही, त्यात मुलाला कितपत आणि कसं सामील करून घ्यावं?

मोठ्यांना वाचताना बघून मुलं वाचायला लागतात, असं सगळेच म्हणतात. पण पुस्तकात डोकं घालून बसलेला माणूस पाच वर्षांच्या मुलाला नेमका कसा दिसतो? तो हलत नाही, बोलत नाही आणि हाक मारली तर "थांब जरा" म्हणतो. माझं मत असं की नुसतं वाचताना दिसून भागत नाही. वाचणाऱ्याच्या मनात जे चाललंय, त्यातलं थोडं मुलापर्यंत पोचायला हवं. ते कसं पोचवायचं, कोणत्या वयात काय चालतं, कुठे बिनसतं, यावर जाणकारांनी तपशिलात लिहावं. तान्ह्या बाळापासून बारा वर्षांपर्यंत कुठल्याही वयाबद्दल चालेल.

गोष्टवेल्हाळ
फार चांगला विषय काढलात. मोठ्यांचं पुस्तक लहान मुलाला सांगता येतं, पण त्याची एक रीत आहे.

पूर्ण कथानक सांगायला जाऊ नका. बहुतेक वेळा गाडी तिथेच घसरते. "एक माणूस असतो, मग तो गावाला जातो, मग त्याचा भाऊ..." असं सुरू झालं की मूल दोन मिनिटांत उठून जातं. आज वाचलेल्या भागातला एकच प्रसंग घ्या. त्यात जास्तीत जास्त दोन नावं ठेवा, बाकीच्यांना "त्याचा मित्र", "दुकानदार" एवढं पुरे. प्रसंगात कुणीतरी अडचणीत सापडलेलं हवं. ती अडचण नीट मांडा आणि पात्र निर्णय घेणार त्याच्या अलीकडे थांबा. "तू काय केलं असतंस?" असं विचारा, उत्तर पूर्ण ऐकून घ्या आणि मगच पुस्तकात काय झालं ते सांगा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. पुस्तक उघडून त्या प्रसंगातलं एक वाक्य, खरोखर एकच, ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवा. इतका वेळ ऐकलेलं सगळं या चित्र नसलेल्या काळ्या ओळींतून आलं, हे मुलाला त्या क्षणी दिसतं. हे सगळं तीन-चार मिनिटांत आटपायला हवं. आणि तात्पर्य अजिबात सांगू नका.

चष्मिष्ट
मोबाइलवर कादंबरी वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मुलाला कादंबरी दिसत नाही, मोबाइल दिसतो. छापील पुस्तकाचं मुखपृष्ठ, जाडी, खूण कुठवर सरकली हे सगळं समोरून कळतं. पडद्यावर वाचत असाल तर ते तोंडाने सांगावं लागेल: "मी पुस्तक वाचतेय, निम्मं झालंय, आत्ता ते लोक जहाजावर चढलेत."

अक्षरओळ
गोष्टवेल्हाळ यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. त्यामागचं कारण सांगते.

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरं शिकवण्यामागे सगळे लागतात. भाषेची बाजू मात्र ऐकण्याबोलण्यातून वाढते, आणि पुस्तकातली भाषा रोजच्या बोलण्यात येत नाही. "परंतु", "एव्हाना", "त्याने सुस्कारा सोडला" हे जेवताना कोण बोलतं?

म्हणून मूल स्वतः वाचायला लागल्यावर वाचून दाखवणं बंद करू नका. ऐकून समजण्याची पातळी साधारण तेरा-चौदा वर्षांपर्यंत स्वतः वाचून समजण्याच्या पुढे असते. दुसरीतलं मूल स्वतः वाचतं ती पुस्तकं आणि त्याला वाचून दाखवायची पुस्तकं यांत दोन-तीन इयत्तांचं अंतर ठेवायला हरकत नाही. आईबाबांना स्वतःला रस वाटेल अशी पुस्तकं त्या अंतरातच सापडतात. वाचणाऱ्याला कंटाळा आला की ते आवाजात उतरतं, आणि मुलांना ते लगेच कळतं.

चित्रांच्या पुस्तकांसाठी संवादी वाचन शिकून घ्या. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. त्यात मूल हळूहळू सांगणारं होतं आणि मोठं माणूस ऐकणारं.

रानवारा
इथे माझा विरोध. प्रत्येक पानावर "हे काय? तो कुठे गेला? याचा रंग कोणता?" सुरू झालं की गोष्टीची प्रश्नपत्रिका होते. लहान मूलही समोरच्याला उत्तर ठाऊक आहे हे ओळखतं. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते विचारणं म्हणजे परीक्षाच. मुलाला गोष्ट हवी असते, ती त्याला विनाअडथळा मिळायला हवी.

अक्षरओळ
@रानवारा, अर्धा मुद्दा मान्य. पहिल्या वाचनात प्रश्न नकोतच, गोष्ट सलग जाऊ द्यावी. प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, आणि अख्ख्या पुस्तकात तीन-चारच. रंग कोणता, किती आहेत, हे प्रश्न सगळ्यांत कमी कामाचे.

पण संवादी वाचन म्हणजे निव्वळ प्रश्न विचारणं नव्हे. त्यात चार गोष्टी येतात: बोलतं करणं, उत्तराला दाद देणं, त्यात थोडी भर घालणं आणि भर घातलेलं मुलाकडून पुन्हा म्हणवून घेणं. अडीच-तीन वर्षांच्या मुलासमोर असं चित्र आहे धरा: रस्त्यावर मुलगी, हातात उलटी झालेली छत्री.

"अगं बाई, इथे काय झालंय?"
"छत्री."
"हो, छत्री! वाऱ्याने उलटी झालेली छत्री."
थोडं थांबायचं. मूल आपण होऊन म्हणालं तर उत्तम, नाहीतर "कसली छत्री?"
"उलटी छत्री."

एका शब्दाचे दोन झाले. पुढच्या वेळी तीन होतील. भर एक-दोन शब्दांचीच घालायची. इथे वाऱ्यावर व्याख्यान सुरू केलं तर मूल पान उलटतं, आणि ते बरोबरच करतं. चार वर्षांनंतर प्रश्न चित्राबाहेर न्यायचे: "तुझी छत्री अशी झाली तर काय करशील?" याचं उत्तर आपल्याला ठाऊक नसतं, म्हणजे ती परीक्षाही होत नाही.

रानवारा
असं असेल तर माझा विरोध मागे. "पहिल्या वाचनात प्रश्न नकोत" हे मात्र ठळक करून ठेवा.

छोटीपावलं
तान्ह्या बाळांबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्नाचं सगळ्यांत सोपं उत्तर त्याच वयात आहे.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्याने वाचून दाखवणं अगदी तान्ह्या वयापासून सुरू करावं असं सुचवलं. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे मांडीवरून आपला चेहरा. पहिले काही महिने चित्रांपेक्षा चेहरा आणि आवाज महत्त्वाचे. अशा वेळी आई आपलीच कादंबरी मोठ्याने वाचू शकते. बाळाला कथानकाशी कर्तव्य नसतं, त्याला आवाजाची चढउतार हवी असते. नेहमीपेक्षा सावकाश वाचायचं आणि वाक्य संपलं की नजर पानावरून उचलून बाळाकडे बघायचं. त्याने हुंकार दिला तर आपणही थांबून उत्तर द्यायचं, मग पुढचं वाक्य. बाळाने मान वळवली, अंग ताठ केलं, जांभई दिली, की त्याला पुरे झालं समजावं.

सहा महिन्यांच्या आसपास हा सोयीचा काळ संपतो. पुस्तक तोंडात जायला लागतं. ती त्या वयाची तपासणी आहे, खोड नव्हे. जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, ठळक चित्रांची पुस्तकं घ्या, एका पानावर एकच वस्तू. आपलं पुस्तक उंचावर. नऊ-दहा महिन्यांनंतर बाळ बोट दाखवायला लागतं. ते ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याचं नाव घ्या, ओळीत काय छापलंय ते बाजूला राहू द्या. दीड वर्षाचं मूल मध्येच उठून चालायला लागतं. वाचत राहा, कान इकडेच असतात. दोन-तीन मिनिटं झाली तरी बैठक झाली असं धरा.

उंबरा
छोटीपावलं, छान प्रतिसाद. पुढचा टप्पा म्हणजे "हेच पुस्तक पुन्हा". आईबाबांना तेच तेच वाचून वीट येतो आणि नवीन पुस्तक पुढे करावंसं वाटतं. करू नये. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांच्या एका गटाला त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकवल्या आणि दुसऱ्या गटाला तेच नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवले. त्याच गोष्टी ऐकणाऱ्यांना नवे शब्द जास्त लक्षात राहिले. पुढे काय होणार हे ठाऊक झालं की लक्ष शब्दांकडे जातं.

वाचणाऱ्याचा कंटाळा घालवायला पानं गाळू नका. मूल पकडतं, आणि पुस्तक दर वेळी तेच बोलतं हा त्याचा विश्वास डळमळतो. त्याऐवजी ओळीतला शेवटचा शब्द मुलासाठी सोडा. पुढे अख्खी ओळ सोडा. पाठ झालं की भूमिका बदला, मूल "वाचेल" आणि आपण पानं उलटू. ते पाठ म्हणतंय हे आपल्याला कळतं, पण पानाचा आणि वाक्याचा मेळ त्याने घातला ही खरी पायरी आहे.

मधुमालती
अक्षरं नुकती जुळवायला लागलेल्या मुलांसाठी जोडीने वाचनाची पद्धत लिहिते. कीथ टॉपिंग यांनी ही बरीच रुजवली. आईबाबांना कुठलंही खास प्रशिक्षण लागत नाही.

पुस्तक मुलाने निवडायचं. शेजारी बसायचं, समोर नाही. दोघांनी एकदम मोठ्याने सुरू करायचं, वेग मुलाचा. एकट्याने वाचावंसं वाटलं की मुलाने खूण करायची, टेबलावर टिचकी किंवा कोपराने हलका धक्का. खूण झाली की आपण गप्प. मूल अडलं किंवा चुकलं तर चार-पाच सेकंद थांबायचं. मनात मोजा, कारण एरवी आपण एका सेकंदातच तोंड उघडतो. तेवढ्यात जमलं नाही तर शब्द सरळ सांगायचा, मुलाने तो म्हणायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे, पुढच्या खुणेपर्यंत. रोज दहा मिनिटं, जास्त नाही. अडलेल्या ठिकाणी "अक्षर लाव, काना बघ" हे इथे चालत नाही. तो सराव वेगळ्या वेळी करावा. वाचताना गोष्टीचा धागा तुटला की पुढचं वाचायचं कारणच उरत नाही.

देवनागरीत मुलं ठरावीक जागी अडखळतात, आपल्याला त्या माहीत असाव्यात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चार नंतर होतो, त्यामुळे "किती"शी मूल थबकतं. रफाराचं उलट. "पर्वत"मध्ये तो "व"च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार "व"च्या आधी येतो, म्हणून मूल "पवर्त" वाचतं. क्ष, ज्ञ, त्र यांत मूळ अक्षरं ओळखू येत नाहीत, ती अख्खी आकृती म्हणूनच शिकावी लागतात. या जागी चार सेकंद पुरेसे नसतात, शब्द लगेच सांगितला तरी चालेल.

प्रत्येक चूक दुरुस्त करू नका. "आला" ऐवजी "आले" वाचलं आणि अर्थ टिकला तर पुढे जाऊ द्या. "मासा"चं "मामा" झालं तर थांबा.

पुस्तक जड आहे का हे बघायला मधलं कुठलंही पान उघडून मुलाला वाचू द्या. न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पानभरात पाच बोटं झाली तर ते पुस्तक सध्या आपण वाचून दाखवायचं.

गोष्टवेल्हाळ
"शेजारी बसायचं, समोर नाही" याला +१. समोर बसलं की शिक्षक-विद्यार्थी होतात.

काठावरचा
वेगळा मुद्दा. वाचून दाखवताना भीतीदायक किंवा क्रूर भाग गाळावा का? माझ्या मते गाळावा. पाच वर्षांच्या मुलाला सगळंच कशाला?

उंबरा
@काठावरचा, असहमत. लगेच उद्याच नाही, पण तीन वर्षांनी मूल तेच पुस्तक स्वतः वाचणार आणि त्याला कळणार की आईने बदललं होतं. त्यापेक्षा ते पुस्तकच तीन वर्षांनी घ्या.

अक्षरओळ
दोघांचंही एका गोष्टीत एकमत होईल, ते म्हणजे प्रकरण आधी स्वतः वाचून ठेवणं. तेच बहुतेक जण करत नाहीत आणि मग ऐन वाक्याच्या मध्यात अडकतात. आधी वाचताना जिथे थांबावं लागेल तिथे समासात पेन्सिलीने बारीक रेघ मारा. लांबलेलं वर्णन आखडतं घेतलं तर काही बिघडत नाही. मृत्यू, ताटातूट, अन्याय यांची घटना बदलू नये, तिथे वेग कमी करावा आणि वाचून झाल्यावर मुलाला बोलायला जागा ठेवावी. झोपण्यापूर्वीची बैठक भीतीच्या टोकावर संपवू नका. पात्र सुरक्षित जागी पोचेपर्यंत आणखी एक पान वाचा आणि पुढे काय होईल ही उत्सुकता असेल तिथे थांबा. भीती आणि उत्सुकता यांतला फरक मुलाच्या अंगावरून कळतो. घाबरलेलं मूल आक्रसतं, उत्सुक मूल पानाकडे झुकतं.

चष्मिष्ट
वाचणाऱ्याच्या घशाबद्दलही लिहायला हवं. वीस मिनिटं मोठ्याने वाचणं हे श्रमाचं काम आहे. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देऊ नका, दहाव्या पानावर राक्षसाचा आवाज कोणता होता ते विसरायला होतं आणि मूल विसरलेलं नसतं. तीन आवाज पुरतात: निवेदक, एक जाड, एक बारीक. बाकी फरक वेगाने करा. पूर्णविरामाला पूर्ण थांबा. घसा ताणून कुजबुजल्यानेही आवाजावर भार पडतो, हळू बोलणं बरं. पाणी जवळ. उजेड खांद्यामागून पानावर यावा, पान डोळ्यांपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर आणि मुलालाही दिसेल असं.

निळीशाई
सगळ्यांचे आभार, बरंच टिपून ठेवलं. आता मूळ प्रश्नाकडे येऊ या का? यातलं बरंचसं मुलाच्या पुस्तकांबद्दल आहे. मला आईबाबांचं पुस्तक आणि त्यांचा वेळ हवा आहे. मूल घरात जागं असताना स्वतःचं वाचन कसं करायचं?

पानखूण
शेजारी बसून आपापलं वाचायची वेळ ठरवा. पाच-सहा वर्षांच्या मुलाबरोबर पाच मिनिटांनी सुरुवात. साध्या गजराच्या घड्याळावर वेळ लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. बसण्यापूर्वीच मुलाने तीन पुस्तकं जवळ घ्यायची, म्हणजे मध्ये उठायचं कारण राहत नाही. वाचता येत नसेल तर चित्रं बघायची. आपण आपलं पुस्तक वाचायचं, आणि खरंच वाचायचं. डोळे मुलावर ठेवून पुस्तक नुसतं धरलं तर ते त्याला कळतं. गजर झाला की प्रत्येकाने वाचलेल्यातली एकच गोष्ट सांगायची. गोष्टवेल्हाळ यांची रीत इथे फिट बसते. मूल "अजून थोडं" म्हणायला लागलं की दोन-तीन मिनिटांनी वाढवा, आपण होऊन वाढवू नका.

हे फसतं ते बहुधा वेळेमुळे. मूल भुकेलेलं किंवा नुकतंच खेळातून ओढून आणलेलं असेल तर पाच मिनिटंही जड जातात. "दंगा केलास, आता वाचत बस" असं एकदा जरी झालं तरी वाचन शिक्षेच्या खात्यात जातं. पानांवर बक्षिसं लावली की मुलं पातळ पुस्तकं शोधतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही.

कपाटाबद्दल: मुलाच्या हाताला येतील अशी आठ-दहा पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून लावा आणि दर पंधरवड्याला निम्मी बदला. कणा बाहेर ठेवलेली रांग न वाचणाऱ्या मुलाला भिंतीसारखी दिसते. आपण सध्या वाचतोय ते पुस्तक त्यांच्या शेजारीच ठेवा, खूण बाहेर डोकावेल असं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. घरातल्या कपाटालाही तो लागू करावा.

शाईचाडाग
नऊ ते बारा वयात मुलं "मला वाचून दाखवू नकोस" म्हणायला लागतात. तिथे एका पुस्तकात दोन खुणा ठेवाव्यात, एक मुलाची, एक आपली. दोघांनी आपापल्या वेळी वाचायचं, पुढे गेलेल्याने काही फोडायचं नाही. पेन्सिलीने समासात छोट्या नोंदी करायच्या: प्रश्नचिन्ह, "हा खोटं बोलतोय!", "हे पटलं नाही". उघड चर्चा नको असलेली मुलंही समासात उत्तरं लिहितात. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर चिठ्ठ्या लावा.

उलट बाजूही पाळा. मुलाने सुचवलेलं पुस्तक आपण शेवटपर्यंत वाचायचं, त्याबद्दल नाक मुरडायचं नाही. चित्रकथा असली तरी. आणि एखादं पुस्तक अर्ध्यात सोडलं तर मुलादेखत सोडा आणि कारण सांगा: "पन्नास पानं झाली, अजून कोण कुणाचं आहे ते लागत नाही, मी थांबतेय." पुस्तक कसं निवडावं आणि कधी सोडावं हे मोठ्यांचं कौशल्य मुलाला एरवी बघायलाच मिळत नाही. मुलं पहिलंच कंटाळवाणं पुस्तक नेटाने ओढत बसतात आणि वाचनच नको म्हणतात.

चष्मिष्ट
शाईचाडाग, फार पटलं. अवांतर: कागद की पडदा यावर २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं त्यात दिसलं, कथात्म मजकुरात तसा फरक आढळला नाही. म्हणजे कादंबरी पडद्यावर वाचली तरी समजण्यात तोटा नाही. मुलाला काय दिसतं हा माझा वरचा मुद्दा तेवढा राहतो.

काठावरचा
आणि ज्या आईबाबांना स्वतःला वाचनाची आवड नाही, किंवा वाचायला जड जातं, त्यांनी काय करायचं? इथे सगळे वाचणारेच बोलतायत.

छोटीपावलं
@काठावरचा, हा प्रश्न आधीच यायला हवा होता. आवड नसेल तर कादंबरी धरून बसायचं सोंग नको. वर्तमानपत्रातली खेळाची बातमी, यंत्राची माहितीपुस्तिका, बागकामाचं पुस्तक, जे खरंच लागतं ते मुलासमोर वाचा आणि कशासाठी वाचताय ते बोला: "हा दिवा का लुकलुकतोय ते इथे बघते."

वाचायला जड जात असेल तर बिनशब्दांची चित्रपुस्तकं घ्या. त्यात अडखळायला ओळच नसते. पहिल्यांदा दोघांनी न बोलता सगळी पानं बघायची. दुसऱ्यांदा आपण गोष्ट सांगायची, तिसऱ्यांदा मुलाने. मागच्या पानावर होतं आणि या पानावर नाही असं काय, ते शोधायचं, कारण या पुस्तकांत गोष्ट दोन पानांच्या मधल्या फरकात असते. मुलाची गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी निघाली तर ती तशीच राहू द्यायची. मोठी भावंडं असतील तर चौथ्यांदा त्यांना सांगू द्या, आणि मुलाने सांगितलेली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून त्या त्या पानाला लावा. पुढच्या वेळी वाचायला मजकूर तयार असतो, आणि त्यातला शब्द न् शब्द मुलाच्या ओळखीचा असतो.